जेली कोणी लावली?

माझे तळहात बारा महिने गरम असतात. थंडीत आमच्या हॉस्पिटलातल्या सिस्टर मुद्दाम माझ्या हातात हात द्यायच्या. कुणाच्या पोटात कळ आली, कुणाचे नळ भरले, की मला औषधांच्या कपाटामागे ओढून न्यायच्या आणि म्हणायच्या, "कमळामावशी, जरा हात फिरवा ना." पोट चोळायला मी माहेरी, आपटा गावात, माझ्या आईकडून शिकले. बेंबीपासून सुरुवात कशी करायची, अंगठा कुठे टेकवायचा, श्वास कधी सोडायला सांगायचा, सगळं तिच्याजवळ बसून. त्या हाताचा मला गर्व होता. आज लिहिणार आहे ते त्या गर्वाचंच.

आमच्या सेक्टरच्या दिवाळी अंकवाल्या मुलांनी सांगितलं होतं, मावशी, तीस वर्षं हॉस्पिटलात काढलीत, गमतीजमती लिहा. गमती पुष्कळ आहेत. एक आजोबा सोनोग्राफीच्या टेबलावर चपला घालूनच चढले, काढायला तयार नाहीत, का तर मागच्या महिन्यात देवळातून चोरीला गेल्या होत्या. एका बाईने पडद्याकडे बघून विचारलं, हे माझंच का, की आधीच्या बाईचं राहिलंय? पण लिहायला बसलं की या गमती बाजूला सरतात आणि पनवेलजवळच्या नेरे गावची ज्योत्स्ना समोर येऊन उभी राहते. म्हणून तिचंच सांगते.

आधी माझं काम काय ते सांगू दे. पनवेल गावातलं आमचं हॉस्पिटल पंचवीस खाटांचं. मी लागले झाडूपोछाला, शिक्षण चौथी. मग वॉर्डात आया, आणि शेवटची चौदा वर्षं तळमजल्यावर सोनोग्राफीच्या खोलीत. पेशंटला आत घ्यायचं, नाडी सैल करायला सांगायचं, लघवी तटलीय का विचारायचं, पोटावर जेली लावायची, झाल्यावर पुसायची. जेली गार असते. बाया दचकायच्या, पोट आवळून धरायच्या, मग सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टर मॅडमना नीट दिसायचं नाही. म्हणून मी जेलीची बाटली कोमट पाण्याच्या डब्यात ठेवायला लागले. ही युक्ती माझी. मॅडमना एवढी आवडली की दुसरीकडे जातील तिथेही त्या सांगायच्या.

वर्षानुवर्षं पडद्याकडे बघून मला थोडं कळायला लागलं होतं. पाणी काळं दिसतं, रक्तही काळं. हाड, खडा पांढरा. लिव्हर म्हणजे राखाडी, दाणेदार, भाजलेल्या रव्यासारखं. मला कुणी शिकवलं नाही. मॅडम टायपिस्टला बोलून सांगायच्या आणि मी कान आणि डोळे दोन्ही एकाच वेळी उघडे ठेवायचे.

ज्योत्स्नाच्या दोन-तीन वर्षं आधी उरणकडचे एक म्हातारे आले होते, मिठागरावर जन्म गेलेले. आम्ही त्यांना धर्माकाका म्हणायचो. त्यांना जुनी कावीळ होती रक्तात, लिव्हरमध्ये कॅन्सरची गाठ झाली होती, आणि घरच्यांना त्याचा पत्ता नव्हता. पोट दुखतं म्हणून गावातल्या बाईकडून तीन दिवस चोळून घेतलं होतं. आले तेव्हा पोट ढोलासारखं, चेहरा मेणासारखा. सारखे उजवा खांदा धरून बसलेले. मी म्हटलं, काका, खांद्याला काय झालं? तेव्हा आमच्या मोठ्या डॉक्टरांनी, म्हणजे हॉस्पिटल ज्यांचं त्या सर्जननी, आम्हा सगळ्या मावश्यांना बोलावून समजावलं होतं. लिव्हरमधली गाठ फुटली की रक्त पोटात सांडतं. ते छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याला लागलं की दुखतं खांद्यात. खांद्याला काहीच झालेलं नसतं. रोग पोटात असतो.

धर्माकाका संध्याकाळपर्यंतही राहिले नाहीत. बाटल्यांमागून बाटल्या रक्त दिलं, पण वरून दिलेलं आत सांडत होतं. त्यानंतर डॉक्टरांनी माझ्याकडे बघून, सगळ्यांदेखत, सांगितलं, "कमळाबाई, तुमचा हात चांगला आहे हे मी ऐकून आहे. माझ्या पेशंटच्या पोटाला तो लागता कामा नये." मी हो म्हटलं. सिस्टर लोकांची पोटं तरीही चोळत राहिले. त्या काही पेशंट नव्हत्या.

ज्योत्स्ना आली ती गणपतीच्या तीन-चार दिवस आधी, सकाळी अकराच्या सुमारास. तिशी-बत्तिशीची, अंगाने मजबूत. बरोबर सासू. नवरा गाडी लावायला गेलेला. नेऱ्याच्या आसपास फार्महाऊसं झाली आहेत ना, तिथे पूजा, वास्तुशांत, सत्यनारायण असला की नैवेद्याचा स्वयंपाक ज्योत्स्नाकडे असायचा. सोवळ्यातला. दोनशे माणसांचा शिरा एकटी परतते, हे सासूने मला बसल्या बसल्या सांगितलं, आणि अभिमानाने सांगितलं. पहाटेपासून पोटात कळा येत होत्या. ओपीडीतल्या नव्या डॉक्टरने विचारलं, पाळी कधी आली? ही म्हणाली, बरेच महिने नाही. औषध काही चालू? काही नाही. त्याने खालच्या पोटाची सोनोग्राफी लिहून दिली आणि पाणी पिऊन बसायला सांगितलं. तिच्या पुढे सहाजणी होत्या.

बसली होती तीसुद्धा वाकून, डावा हात पोटावर आणि उजवा खांदा भिंतीला दाबलेला. मी विचारलं, खांद्याला काय? म्हणाली, काल मोठा टोप उचलला, तेव्हापासून भरलाय. मला ते पटलं. दोनशे माणसांचा टोप उचलला तर खांदा भरणारच. हे वाक्य मी पुढे किती वेळा मनात म्हटलंय, आणि प्रत्येक वेळी धर्माकाका समोर बसलेले दिसलेत.

तिला बसवेना. ओठ दाताखाली धरायची. सासू म्हणाली, "मावशी, नल भरलेत तिचे, दुसरं काय नाय. गावात असती तर कधीच मोकली झाली असती. हितं नुसतं पानी पाजून ठेवतान."

आता खरं सांगते. दया आली हे खरंच. पण दयेच्या खाली दुसरं काहीतरी होतं. सासूने 'गावात' म्हटलं ते मला लागलं. गावातल्या बाईला येतं आणि मला येत नाही? मॅडम आत दुसऱ्या पेशंटवर होत्या. बाजूच्या पडद्यामागे कपडे बदलायची जागा आहे, तिथे बाक आहे. मी तिला आडवी केली. तेल कुठून आणणार, डब्यातली कोमट जेली घेतली.

बेंबीपाशी सुरुवात केली. पोट घट्ट होतं, लाकडासारखं. नळ भरले की असं लागत नाही, ते हाताला लगेच कळलं, पण हात थांबला नाही. वर सरकले. उजव्या बरगडीखाली बोटांना काहीतरी गोल लागलं, मोसंबीएवढं. मला वाटलं हाच तो गोळा, हा उतरवला की झालं. तिला म्हटलं, श्वास सोड. आणि अंगठ्याने दाबलं.

ती ओरडली नाही. "आये" एवढंच म्हणाली, बारीक आवाजात, आणि माझं मनगट धरलं. मग तिच्या पकडीतलं बळ गेलं. कपाळावर घाम फुटला, गार. मी गालाला हात लावला तर माझा गरम हात आणि तिचा तो गाल, मला अजून आठवतं.

मी पडदा ओढला आणि हाक मारली. ट्रॉली आली, नवा डॉक्टर आला. नाडी लागेना, लागली ती धावणारी. बीपी साठाच्या घरात. तिला मॅडमच्या टेबलावर घेतलं. मॅडमनी पोटावरचा पदर बाजूला केला आणि म्हणाल्या, "ही जेली कोणी लावली?"

मी हात साडीला पुसले. मॅडमना उत्तराची वाट बघायला वेळही नव्हता. यंत्र खालच्या पोटावर टेकवलं, पडदा काळा. नवा डॉक्टर म्हणाला, पाळी चुकलेली, पोटात रक्त, गर्भ नळीत राहून फुटलाय. मॅडम म्हणाल्या, तसंच दिसतंय. सासूने दारातून फक्त 'गर्भ' ऐकलं आणि मला विचारलं, "दिवस गेलेत व्हय तिला?" तिचा चेहरा क्षणभर उजळला होता. ते मला बघवलं नाही.

आता हे बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. बाईचं वय पोरं होण्याचं, पाळी चुकलेली, पोटात रक्त, म्हटलं की कुठलाही डॉक्टर आधी हाच विचार करतो, आणि बहुतेक वेळा बरोबर असतो. अशा वेळी थांबायचं नसतं. ओटीत, म्हणजे ऑपरेशनच्या खोलीत, न्यायचं, खालून पोट उघडायचं, फुटलेली जागा बांधायची. सगळं रक्त खाली ओटीपोटात साचतं, ते वरून आलेलं असलं तरी. पडद्यावर त्या रक्ताला सांगता येत नाही की मी इथलं नाही, वरच्या मजल्यावरचं आहे.

बायकांच्या आजारांचे डॉक्टर बोलावले होते, ते वर ओटीत हात धुवायला गेले. मला सांगितलं, मावशी, ट्रॉली घ्या. सोनोग्राफीच्या खोलीपासून लिफ्टपर्यंत लांब पट्टा आहे. तेवढं अंतर मी ट्रॉली ढकलत होते आणि अंगठ्यात ती मोसंबी होती. वर होती, बरगडीखाली. ते खाली कापणार. नोकरीला चार वर्षं राहिली होती. सगळ्यांदेखत सांगितलेलं मोडलं होतं. घरी मालक लकव्याने पडून होते, त्यांचं औषधपाणी हॉस्पिटलातूनच होत होतं. आणि असंही वाटलं की माझं चुकत असेल, मला काय कळतं, मॅडमनी पडद्यावर बघितलंय. माणूस स्वतःला वाचवायला लागला की किती नम्र होतो बघा.

लिफ्टचं दार उघडलं. आतून मोठे डॉक्टरच बाहेर येत होते. मी ट्रॉली आत घातली नाही. म्हटलं, "साहेब, मी हिच्या पोटाला हात लावलाय. गाठ वर आहे. माझ्या हाताखाली काहीतरी झालं."

नवा डॉक्टर म्हणाला, मावशी, बाजूला व्हा, वेळ नाही. मोठे डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"दाखवा," ते म्हणाले. "हात न टेकवता."

मी बोट हवेत धरून दाखवलं. आणि म्हटलं, खांदाही दुखत होता तिचा, उजवा.

त्यांनी ट्रॉली मागे फिरवली. मॅडमनी यंत्र बरगडीखाली लावलं. तो राखाडी रवा दिसला, आणि त्यात एक वेगळी गोल गाठ, कडेला फाटल्यासारखी, तिच्याभोवती काळं. डॉक्टरांनी पोटात बारीक सुई घालून थोडं ओढलं, सिरिंज लाल भरली. ती ट्रेमध्ये ठेवली, तर ते रक्त गोठेना. पोटात सांडलेलं रक्त बहुधा असं गोठत नाही. सुई चुकून शिरेत गेली असती तर गोठलं असतं. लघवीची तपासणीही तेवढ्यात आली, दिवस नव्हतेच.

वरून बायकांचे डॉक्टर खाली आले, म्हणाले, मग उघडू इथेच? मोठ्या डॉक्टरांनी मान हलवली. लिव्हर म्हणजे भिजलेला पाव, टाका घातला की दोरा कापतच जातो. अगदी दुसरा मार्ग उरला नाही तरच पोट उघडून, कापड दाबून भरून रक्त थांबवायचं. दुसरा मार्ग होता, पण तो नवी मुंबईतल्या मोठ्या हॉस्पिटलात. तिथे जांघेतल्या शिरेतून बारीक नळी लिव्हरपर्यंत नेतात, चित्रात बघत बघत, आणि नेमकी जी फांदी गळतेय तिच्यात बूच मारतात. पोट उघडायलाच नको. पण तोवर पेशंट टिकायला हवा. दोन्ही हातांत जाड सुया, रक्त चढवलं. बीपी नव्वदला आलं आणि तिथे थांबलं. डॉक्टर म्हणाले, एवढं पुरे, जास्त वर नेलं तर गळती वाढेल. काढा गाडी.

रक्ताची पिशवी फ्रिजमधून येते, बर्फासारखी. गाडीत चढताना डॉक्टरांनी पुढची पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "तुमचे हात गरम आहेत ना? मग ही धरा. दुसरं काही करू नका."

दुपारचे दोन वाजलेले. कोकणात जाणाऱ्या गाड्यांचा लोंढा समोरून येत होता, आमची बाजू कळंबोलीच्या सर्कलला तुंबलेली. सायरन वाजतोय आणि पुढचा टेम्पो जागचा हलत नाही, कारण त्याला हलायला जागाच नाही. मी पिशवी दोन तळहातांत धरून बसले होते. समोर डॉक्टर मॉनिटरकडे बघत होते. आकडा पंच्याऐंशी, मग ब्याऐंशी. मी देवाचं नाव घ्यायला गेले तर आठवेना.

ज्योत्स्ना मध्येच शुद्धीवर आली. म्हणाली, मावशी, गणपतीच्या तीन ऑर्डरी हायेत. मी म्हटलं, होतील. मग म्हणाली, "आज गोळी नाय घेतली. पाळी आली तर सगलं मोडंल."

"कसली गोळी?"

"पाळी पुढं ढकलायची. रोज घेते मी. कुटुंबनियोजनाच्या गोळ्यांचं पान असतं ना, त्याच, मदी न थांबता."

"किती दिवस?"

"नऊ वर्सं."

"अगं, डॉक्टरांनी विचारलं होतं ना, औषध काय चालू आहे म्हणून?"

"ते औषध थोडीच हाय," ती म्हणाली. "आजारी नव्हते मी."

सोवळ्याचा स्वयंपाक करणाऱ्या बाईला महिन्यातले चार दिवस परवडत नाहीत, कारण पूजा तिचं कॅलेंडर बघून ठरत नाही. तेव्हा ती गोळी तिच्यासाठी पळी-झाऱ्यासारखी कामाची वस्तू होती. खोटं बोलली नव्हती ती. पाळी नाही म्हणून सगळ्यांना गर्भ वाटला, आणि ज्यामुळे पाळी नव्हती ते कुणी विचारलंच नाही, तिला समजेल अशा शब्दात.

डॉक्टरांनी ते ऐकलं. पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल पडला. म्हणाले, मग ही गाठ कॅन्सरची नसण्याची शक्यता बरीच आहे. अशा गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या की काही बायकांच्या लिव्हरमध्ये साधी गाठ होते, ती रक्ताने भरलेली असते आणि फुटू शकते. आकडा तेव्हा ऐंशीवर होता. मी दुसरी पिशवी धरली.

पोचलो. शिरेत रंग सोडून सीटी स्कॅन काढला, गळती दिसली, तिला आत घेतलं. बाहेर मी, सासू आणि आमची गाडी चुकवून कुठूनतरी गल्लीबोळातून आधी पोचलेला तिचा नवरा. सासू माझ्या हाताकडे बघत होती. तिला माहीत होतं मी काय केलं ते, तिनेच तर सांगितलं होतं. तिने पाण्याची बाटली माझ्यापुढे केली, मी घेतली, दोन घोट प्यायले, परत दिली. अशी किती वेळ ती बाटली इकडून तिकडे जात राहिली.

संध्याकाळी आतून माणूस आला आणि म्हणाला, बंद झालं.

परत येताना गाडीत मी डॉक्टरांना विचारलं, माझ्यामुळे का? ते म्हणाले, "रक्त आधीपासून येत असणार, नाहीतर खांदा दुखला नसता. तुम्ही दाबल्याने वाढलं असेल. किती वाढलं ते मला सांगता येणार नाही, कुणालाच येणार नाही. आणि तुम्ही लिफ्टपाशी बोलला नसता तर काय झालं असतं, तेही तुम्हाला माहीत आहे." मग म्हणाले, "दोन्ही लक्षात ठेवा." नोकरी गेली नाही. ती जायला हवी होती असं मला कधीकधी वाटतं.

गोळ्या बंद झाल्या, चार-पाच महिन्यांनी उरलेली गाठ ऑपरेशन करून काढली. तपासली, कॅन्सर नव्हता. दर सहा महिन्यांनी ज्योत्स्ना आमच्याकडे सोनोग्राफीला यायची. मी जेली लावायची, फक्त दोन बोटांनी, वरच्यावर. आणि त्याचबरोबर एक नवीनच प्रकार सुरू झाला. नेऱ्याकडच्या बाया मला शोधत यायला लागल्या. ज्योत्स्नाने पाठवलंय, तुमच्या हाताला गुण आहे, तुम्हाला हात लावून आतलं कळतं. मी म्हणायचे, मला काही येत नाही, चल माझ्याबरोबर, आणि हाताला धरून मॅडमकडे न्यायचे. कोणती गोळी घेतेस, पाळीची, केसांची, जाड व्हायची, बारीक व्हायची, सगळ्या सांग, हेही मीच विचारायचे, 'औषध' हा शब्द न काढता. एकीचा पित्ताशयातला खडा सापडला. एकीचा गर्भ खरोखर नळीत राहिलेला, तो वेळेत कळला. पण प्रत्येक वेळी वाटायचं, हे माझं नाव चोरीचं आहे.

निवृत्त व्हायच्या आठवड्यात ती तपासणीला आली. मॅडम जेवायला गेल्या होत्या. मी पोट पुसता पुसता सांगून टाकलं. म्हटलं, ज्योत्स्ना, त्या दिवशी मी पोट चोळलं, त्याने तुझी गाठ जास्त फुटली असेल. तू मला मानतेस ते चुकीचं आहे.

ती साडी सारखी करत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हायती हाय मला. पोट माजं होतं ना, मावशी."

मी म्हटलं, "मग नेऱ्याच्या बायकांना माझ्याकडे का धाडतेस?"

"आमच्याकडं पोट चोलनाऱ्या पाच जनी हायेत," ती म्हणाली. "चोलायचं सोडलेली तुमी एकलीच. डॉक्टरकडं चला म्हटलं तर बाया येत नाईत. तुमच्याकडं म्हटलं तर येतात."

तिने पिशवी उचलली. दारात उभी राहून म्हणाली, नवीन पनवेलला कुठल्या सेक्टरात राहता ते नीट लिहून द्या, आता हॉस्पिटलात नसणार ना तुमी.

मी लिहून दिलं. अजून येतात.